विहिरीतली इसिद्रा

नानायचं स्वतःचं भूत आहे, हे आम्हाला कळलं ते माझ्या मुलीच्या फोनमुळे.

नानाय म्हणजे माझ्या सासूबाई. इलोइलो शहरातल्या ला पाझ बाजारात आमचं नूडल्सच्या सूपचं दुकान आहे, त्यांनी आणि सासऱ्यांनी मिळून सुरू केलेलं. सासरे गेले. आता पातेल्यापाशी मी असते, आणि नानाय मागच्या बाकावर बसून लसूण सोलतात, गिऱ्हाइकांवर नजर ठेवतात आणि मी हाडं पुरेशी उकळत नाही असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्या दुपारी दुकान रिकामं होतं. माझी आयरा फोनवर कसलासा व्हिडिओ बघत होती. कुणी एक पोरगा बॅटरी घेऊन जुन्या घरात फिरत होता आणि दबक्या आवाजात सांगत होता, की इथे इसिद्रा नावाची मोलकरीण कामाला होती, तिने विहिरीत जीव दिला, आणि अजूनही जिन्यावर तिच्या लाकडी सपाता वाजतात.

नानायचा लसूण सोलणारा हात थांबला.

“कुठलं गं ते घर?”

“नेग्रोसमधलं, लोला. बांतोलानचं ओलिवेरोस घर. आता म्युझियम केलंय त्याचं. जबरदस्त भूत आहे म्हणतात.”

“परत लाव.”

आयराने परत लावला. मग आणखी एकदा. लोलापुढे, म्हणजे आजीपुढे, तिचं काही चालेना. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ इतक्या वेळा वाजला की शेजारचा मासेवाला वैतागून ओरडला, “मानांग सिद्रिंग, काढा की त्या बाईला एकदाची विहिरीबाहेर!”

बाजार ज्यांना मानांग सिद्रिंग, म्हणजे सिद्रिंगताई, म्हणतो त्या नानायचं पाळण्यातलं नाव इसिद्रा, हे आम्हाला ठाऊक होतंच. पण सान इसिद्रोच्या सणाच्या आसपास जन्मलेल्या निम्म्या बायकांचं नाव तेच असतं. आमच्या बाजारातच दोघी-तिघी निघतील. कुणाच्या मनात काहीच आलं नाही.

भांडी आवरताना त्या मला म्हणाल्या, “वेंग, शनिवारी दुकान रिको बघेल. आपण दोघी बांतोलानला जाऊ.”

“कशाला?”

“ते घर बघायला.”

मी हातातली कढई तशीच धरून उभी राहिले. नेग्रोस बेट आमच्या समोरच आहे, बोटीने तासाभराचा रस्ता. आकाश स्वच्छ असलं की तिकडचा डोंगर दिसतो. पण मी या घरात आल्यापासून नानायनी ते पाणी एकदाही ओलांडलं नव्हतं. तिकडच्या साखर कारखान्यांच्या वासाने डोकं दुखतं, असं सांगायच्या. माझ्या नवऱ्याच्या, रिकोच्या, जिवलग मित्राचं लग्न तिकडे होतं, तर त्या आहेर पाठवून मोकळ्या झाल्या होत्या.

शनिवारी बोटीत आम्हाला खिडकीची जागा मिळाली. किनारा मागे पडला तशा त्या म्हणाल्या, “त्या घरात मी इस्त्री करायचे.”

“म्हणजे ती इसिद्रा तुमच्या ओळखीची होती?”

“ओळखीची कसली? मीच ती.”

मला वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही, साखर उतरली असणार. मी पर्समधली लिमलेटची गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली आणि गालात धरूनच पुढचं सांगितलं.

त्यांचे वडील ओलिवेरोसांच्या उसात राबायचे. झोपडी ओलिवेरोसांच्याच जमिनीवर. पोरगी कामाजोगी झाली तशी मालकिणीने, सेन्योरा ओलिवेरोसने, तिला मोठ्या घरात बोलावून घेतलं आणि इस्त्रीच्या खोलीत उभं केलं. खळ, चुण्या, झालरी. सकाळपासून कोळशाची इस्त्री. त्या खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीतून समुद्र दिसायचा. गुइमारास बेटावरच्या होड्या मातीची मडकी घेऊन यायच्या, त्यांतल्या एका होडीवर माझे सासरे होते. मडकी विकायला स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे. कुणाला मडकं नको असलं तरी यायचे.

“मग ठरवलं, जायचं,” नानाय म्हणाल्या. “विचारून काय उपयोग? सेन्योरा नाहीच म्हणाली असती. आणि सांगून पळाले असते तर बापाला जमिनीवरून हाकललं असतं. एका पहाटे निघाले. जिन्यावर सपाता वाजू नयेत म्हणून हातात घेतल्या. पण भिंतीवरून चढायचं तर गाठोडं कुठे धरू आणि सपाता कुठे धरू? ठेवल्या विहिरीच्या काठावर. नव्याकोऱ्या होत्या गं. अजून हळहळ वाटते.”

सकाळी घर उठलं तर पोरगी नाही आणि विहिरीवर सपाता. लोकांनी दोर सोडले, आकडे फिरवले. काही लागलं नाही. विहिरीच्या तळाशी झरा आहे, त्याने ओढून नेलं असणार, असं कुणीतरी म्हणालं आणि तेच ठरलं. सेन्योराने छातीवर क्रूस काढला आणि विहिरीवर फरशी बसवून घेतली.

“आणि तुमचे आईवडील?” मी विचारलं. “त्यांना रडत ठेवलंत?”

“छे! होडीवरच्या एका माणसाने आईला आठवडी बाजारात गाठून सांगितलं की पोरगी सुखरूप आहे. तर आईने उलटा निरोप धाडला. म्हणाली, ‘तिला म्हणावं, मेलीस ना, मग मेलेलीच राहा. इथे बरं चाललंय.’”

खरोखरच बरं चाललं होतं. आपल्या घरात पोर मेली म्हणून सेन्योरा धसकली होती. तिने त्यांना पक्क्या छपराचं घर दिलं, नानायच्या वडिलांवर त्यानंतर कधी आवाज चढवला नाही, आणि दर वर्षी पोरीच्या नावाने चर्चमध्ये होणाऱ्या मिसेला दोघांना पुढच्या बाकावर बसवायची. पोरगी पळालीय असं कळलं असतं तर सगळंच गेलं असतं. आई नवसाच्या नावाखाली अधूनमधून गुइमारासला येऊन लेकीला भेटायची, नातवंडांचे गालगुच्चे घ्यायची आणि परत जाऊन मिसेत रडायची.

“आई रडायची फार छान,” नानाय म्हणाल्या. “सगळ्या बायका रडायच्या तिच्याबरोबर.”

“ते दोघं गेल्यावर तरी सांगायचंत.”

“कुणाला सांगू? तोवर आम्ही इलोइलोला आलेलो, तुझा नवरा शाळेत, दुकान उघडलेलं. आणि जाऊन म्हणायचं काय, नमस्कार, मी मेले नव्हते?”

“मग आता कशाला चाललोय?”

त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. “अगं, मी तिथे काय काय करते ते बघायचंय मला.”

बांतोलानच्या धक्क्यावरून आम्ही रिक्षाने गेलो. घर मी कल्पना केली होती त्यापेक्षा मोठं होतं. खाली दगड, वर काळपट लाकूड, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. दाराशी तिकीट काढताना नानाय कुरकुरल्या, “स्वतःचं भूत बघायला तिकीट?” मी त्यांना कोपराने ढोसलं. बुटांवर चढवायला कापडी पिशव्या दिल्या, कारण वरची जमीन अजून नारळाच्या सोडणांनी घासून चकचकीत ठेवतात. नानायनी वाकून जमीन बघितली आणि म्हणाल्या, “कोपरे सोडलेत.”

घर दाखवणारा जुनेल नावाचा तरुण होता, पांढऱ्या सदऱ्यातला, उत्साही. आमच्याबरोबर मनिलाहून आलेलं एक कुटुंब होतं आणि एक नवं जोडपं, हातात हात घट्ट धरून. जुनेलने आधी झुंबर दाखवलं, जेवणाचं टेबल दाखवलं. पण लोक कशासाठी आलेत ते त्याला ठाऊक होतं. जिन्याशी येऊन तो थांबला आणि आवाज खाली आणला.

“या घरचा मुलगा, सेन्योरितो रामिरो. आणि इसिद्रा, घरातली मोलकरीण. तिला दिवस गेले. त्याने तोंड फिरवलं. आणि मग एका पौर्णिमेला...”

“दिवस गेले?” नानाय माझ्या कानात म्हणाल्या, म्हणजे त्यांना वाटलं की कानात; सगळ्यांनी वळून बघितलं. “त्या रामिरोपासून? वेंग, तो घोडा मिशा फुटेपर्यंत आईच्या हाताने भरवून घ्यायचा!”

“काही विचारायचंय का, लोला?” जुनेल अदबीने म्हणाला.

“हो. ती दिसायला कशी होती?”

“फार सुंदर, लोला. कमरेपर्यंत केस. गोरीपान.”

नानायनी अंबाड्यावरून हात फिरवला. “सुंदर होती ते खरं,” त्या म्हणाल्या. “गोरी नव्हती.”

जुनेल हसला. अशा आज्या त्याला रोज भेटत असाव्यात. पांढऱ्या झग्यातली इसिद्रा कुठल्या आरशात दिसते, कुणाच्या फोटोत आली, हे सगळं तो सांगत गेला, आणि नानाय पुढे पुढे सरकून ऐकत होत्या. लहान मूल गोष्ट ऐकतं तशा. मध्येच मला म्हणायच्या, “बघितलंस? मी घड्याळ बंद पाडते!” मला मात्र कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं, कारण त्या कुठल्याही क्षणी तोंड उघडतील अशी धास्ती होती.

मग आम्ही इस्त्रीच्या खोलीत आलो. लांब टेबल, त्यावर जुनी गोधडी, कोंबड्याच्या आकाराच्या कडीची कोळशाची इस्त्री. खिडकी बंद होती.

“दुपार कलली की इथे कोळशाचा आणि केळीच्या पानाचा वास येतो,” जुनेल म्हणाला. “इस्त्री पानावर फिरवायचे ना, सुळसुळीत व्हावी म्हणून. इसिद्रा अजूनही इथे सेन्योराचे कपडे करते.”

नानायचा चेहरा उतरला. आत्तापर्यंतची सगळी मजा एकदम ओसरली.

“अजून?”

“हो, लोला. कायमची.”

“का? तिला दुसरं काही येत नाही? मेलेल्या माणसाला कोण अडवतंय? समुद्रावर जावं, हिंडावं.”

“भूत जिथे मरतं तिथेच अडकतं, लोला.”

“हे कुणी सांगितलं तुला?”

मनिलावाले हसले. नानाय हसल्या नाहीत. जाताना त्यांनी खिडकीची सरकती चौकट हाताने ढकलून बघितली. ती हलली नाही.

विहीर मागच्या अंगणात. फरशीवर मातीच्या भांड्यात ताजी फुलं होती आणि भर उन्हात एक मेणबत्ती जळत होती.

“हे बघायला येणाऱ्यांसाठी?” नानायनी विचारलं.

जुनेलने पहिल्यांदाच नाटकी आवाज सोडला. “नाही, लोला. हे सेन्योरिता आम्पारो लावतात. या घरच्या धाकट्या. मागच्या खोल्यांत राहतात. आम्हाला विहिरीपाशी थट्टा करायची परवानगी नाही.”

“ती का लावते?”

इतर लोक फोटो काढायला पांगले होते. जुनेल म्हणाला, “त्या तेव्हा शाळकरी होत्या. इसिद्राच्या हातून त्यांचा चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचा झगा जळाला. यांनी रागाच्या भरात म्हटलं, मर तू. आणि दुसऱ्या दिवशी सपाता सापडल्या.”

नानाय विहिरीच्या काठावर बसल्या. मला वाटलं, पाय दुखत असतील. पण त्या मेणबत्तीकडे बघत होत्या.

“हे मला माहीतच नव्हतं, वेंग,” त्या म्हणाल्या. आणि मग जुनेलला, “कुठंय ती?”

सेन्योरिता आम्पारो मागच्या ओसरीवर कुंड्यांना पाणी घालत होत्या. काटकुळ्या, जाड चष्म्याच्या, गळ्यात जपमाळ. नानाय त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना कुणापुढे तसं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही हात पुढे एकात एक, मान किंचित खाली.

“सेन्योरिता, मी इसिद्रा.”

आम्पारोबाईंनी झारी खालीसुद्धा ठेवली नाही. “बाई, तिचे निरोप घेऊन इथे दर महिन्याला कुणी ना कुणी येतं. कुणाच्या अंगात येतं, कुणाच्या स्वप्नात येतं. तिला शांत पडू द्या हो.”

“निरोप नाहीये. मीच आलेय.”

“जुनेल, यांना पाणी दे आणि सोडून ये.”

“तुम्ही बिछाना ओला करायचात,” नानाय म्हणाल्या.

झारी थांबली.

“चांगली मोठी झाली होतीस तरी. पहाटे रडत माझ्याकडे यायचीस. मी चादर धुवायचे आणि तुझ्या आईला कळायच्या आत इस्त्रीने वाळवायचे. वास येऊ नये म्हणून पाण्यात लिंबाची पानं टाकायचे. कुणाला सांगितलं नाही मी. आज पहिल्यांदा सांगतेय.” मग मागे वळून जुनेलला, “तू ऐकलं नाहीस.”

आम्पारोबाईंनी चष्मा काढला, हातातल्या फडक्याने पुसला, परत लावला. जवळ आल्या. नानायच्या हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे वळवला, बराच वेळ बघितला.

“कुठे होतीस?”

“समोर. इलोइलोला.”

“समोर?”

“बोटीने तासभर.”

सेन्योरितांनी त्यांच्या दंडावर फाडकन चापट मारली. चांगली जोरात. मग दुसरी मारायला हात उचलला आणि तो तसाच नानायच्या खांद्यावर राहिला. “मी तुला मर म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “तेच माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं.”

“म्हणाली होतीस?” नानाय आठवायचा प्रयत्न करत होत्या, खरोखर करत होत्या, कपाळाला आठ्या घालून. “मला नाही गं आठवत. झगा जळाला ते आठवतंय. मी खिडकीतून होडी बघत होते. तू ओरडलीस, ते खरं. पण तू रोजच ओरडायचीस.”

“आठवत नाही?”

“नाही.”

“मी आयुष्यभर ते एक वाक्य घेऊन जगले आणि तुला आठवतसुद्धा नाही?” आम्पारोबाईंचा आवाज चिरका झाला. “आठवायला हवं होतं तुला!”

“बरं, यापुढे लक्षात ठेवते,” नानाय म्हणाल्या.

सेन्योरिता खुर्चीत बसल्या आणि हसल्या की रडल्या ते मला अजून सांगता येणार नाही. मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि कुणी न सांगताच कॉफी ठेवली. बाहेर आले तर जुनेल खांबाला टेकून पांढराफटक उभा.

“मानांग,” तो मला म्हणाला, “या जिवंत आहेत, तर मग जिन्यावर कोण असतं?”

“म्हणजे?”

“सपाता वाजतात हो. बाकीचं मी रंगवून सांगतो, मान्य. पण सपाता मी स्वतः ऐकल्यात. गेल्याच महिन्यात.”

नानायचे डोळे चमकले. कॉफी तशीच राहिली. “कधी वाजतात?”

“बंद करायच्या सुमाराला.”

आम्पारोबाई म्हणाल्या, “लाकूड आहे ते. ऊन उतरलं की बोलतं.” पण त्याही उठल्या.

शेवटची माणसं गेल्यावर आम्ही चौघं जिन्याखालच्या बाकावर बसलो. तेवढ्या वेळात दोघी म्हाताऱ्यांनी म्युझियमचा कारभार ठरवून टाकला. इसिद्रा जिवंत आहे हे कुणाला सांगायचं नाही, कारण छप्पर गळतंय आणि लोक येतात ते तिच्यासाठी. नानायची हरकत नव्हती. इतकी वर्षं मेलेल्या होत्या, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. मात्र रामिरोला गोष्टीतून काढायचं. आणि इस्त्री बंद.

“मग ती करते काय?” जुनेलने विचारलं.

“संध्याकाळी भिंतीवर बसते. समुद्र बघते.”

“एवढंच?”

“कंटाळली की जाते फिरायला. तू कशाला चौकशा करतोस?”

तेवढ्यात वर वाजलं. टक्. मग टक्, टक्. एकेक पायरी उतरल्यासारखं, आणि मध्यावर थांबल्यासारखं. मी जुनेलचा दंड कधी धरला ते मला कळलं नाही.

“लाकूड,” आम्पारोबाई कुजबुजल्या.

“लाकूड असं पायऱ्या मोजत उतरत नाही,” नानाय म्हणाल्या. उठल्या, कठड्याला धरून वर बघितलं आणि बाजारात हाक मारतात तशी खणखणीत हाक मारली, “कोण गं तू?”

त्या चार पायऱ्या चढूनही गेल्या. वर कुणी नव्हतं.

शेवटची बोट आम्हाला जेमतेम मिळाली. परतीच्या वाटेवर त्या घरात कोण कोण मेलं याची नानाय आठवण काढत होत्या. स्वयंपाकी, सेन्योराची बहीण, धुणंवाली तोनांग. शेवटी म्हणाल्या, “तोनांगच असणार. एका पायाने लंगडायची, दर दोन पायऱ्यांनी थांबायची. बिचारी इतकी वर्षं चालतेय आणि नाव माझं होतंय.” दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनेलला फोन करून हे सांगितलंही. त्याने काय केलं ठाऊक नाही, पण तोनांगसाठी चर्चमध्ये एक मिसा झाली, ती आम्पारोबाईंनी सांगितली होती.

ईस्टर झाल्यावर आम्पारोबाई आमच्याकडे आल्या. तोपर्यंत रविवारचे फोन सुरू झालेच होते. त्यात दोघी त्या घरच्या जुन्या स्वयंपाकावरून भांडायच्या, रश्श्यात व्हिनेगर आधी घालायचं की नंतर. बोट लागल्यामुळे बाईंचा चेहरा हिरवा पडला होता, पण पियाया नावाच्या गूळ भरलेल्या पोळ्यांची पेटी त्यांनी रिकोच्या हातात दिली नाही, स्वतःच धरून आणली. दुकानात मागच्या बाकावर नानायशेजारी बसल्या. मी मोठा वाडगा भरून सूप ठेवलं. त्यांनी चमच्याने चाखलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाल्या, “चांगलंय. हाडं अजून थोडी उकळायला हवी होती.”

नानायनी माझ्याकडे असं बघितलं की मी पातेल्याकडे तोंड फिरवलं.

आम्पारोबाई तीन दिवस राहते म्हणाल्या आणि आठवडाभर राहिल्या. आयराला कम्युनियनचा झगा कसा असतो ते समजावलं, मासेवाल्याशी भाव केले, लसूण सोलायला बसल्या आणि पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं. दुपारी दोघी बाकावरच डुलक्या काढायच्या, एकमेकींच्या अंगावर कलून. जाताना धक्क्यावर सेन्योरितांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, काहीतरी हळवं बोलणार.

“मे महिन्यात सिद्रा मला गुइमारासला आंब्यांच्या जत्रेला नेणार आहे,” त्या म्हणाल्या. “तिच्या एकटीच्या भरवशावर मी येणार नाही. तिला निघून जायची सवय आहे. तू बरोबर ये.”

मी हो म्हटलं. रिकोला अजून सांगायचंय.